खो-खोच्या बाई आणि पाचवा डाव

बाई समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे फारशा पाहत नसत. त्यांची दृष्टी त्याच्या खांद्यांवर असे. येथे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनच्या बाजाराकडे जाणाऱ्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलेलो असलो, की त्या हळूच म्हणत, "शास्त्रीबुवा, ती हिरव्या कोटातली आता उठणार बघा." थांबा अजून बराच दूर असे, त्या स्त्रीने घंटेच्या बटणाकडे हातही नेलेला नसे, आणि तरीही क्षणभराने ती उठे. मी आश्चर्य व्यक्त केले, तर ते बाईंना आवडत नसे. "ह्यात कसली आलीय विद्या? माणूस आधी खांद्यानं निघतो, मग पायानं. पायाकडं बघत बसलं की आपण उशिरा पोचतो."

मूळच्या त्या मिरजेच्या. तेथील मुलींच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षे खो-खो शिकवला. म्हणून येथील मराठी घरांतून त्यांना 'खो-खोच्या बाई' म्हणू लागले, आणि पुढे नुसतेच 'बाई'. त्यांची एकुलती कन्या सुप्रिया येथील एका इस्पितळात डॉक्टर आहे. तिच्याकडे त्या आल्या तेव्हा घरोघरचे नाताळचे दिवे नुकतेच उतरले होते. व्हिसा तीनच महिन्यांचा होता. माझ्या मुलाचे घर सुप्रियाच्या घरापासून दोन दारे सोडून असल्यामुळे, आणि त्या गल्लीत दिवसा घरी असणारी मराठी माणसे आम्ही दोघेच असल्यामुळे, आमचे रोज बोलणे होऊ लागले. माझा सारा जन्म वाईच्या पाठशाळेत आणि नंतर शाळेत संस्कृत शिकवण्यात गेलेला. खेळाच्या मैदानाशी माझा संबंध शिट्टी ऐकण्यापुरताच. खो-खोत पाठलाग करणाऱ्या मुलीने एकदा खांदा वळवून दिशा घेतली, की तिला मागे फिरता येत नाही, फिरली तर फाऊल होतो, हे मला सत्तरी उलटल्यावर बाईंनी शिकवले.

कोणतीही चुरस चालू असताना बाई खुर्चीवर बसत नसत. दूरदर्शनवर घोड्यांची शर्यत लागलेली असो की समोरच्या मैदानात शाळकरी मुली काठ्यांनी चेंडू मारत असोत, त्या उकिडव्या बसत, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून. इंग्रजी त्यांना जेमतेम येई. येथे आल्यावर त्यांनी एकच शब्द मनापासून उचलला, तो म्हणजे 'ग्रँड', येथल्या बोलीत 'छान, चालेल'. बसचालकाला ग्रँड, दुकानातल्या मुलीला ग्रँड, दारावर पार्सल आणणाऱ्यालाही ग्रँड. मी एकदा म्हणालो, "बाई, त्याने तुम्हाला सही कुठे करायची ते विचारले." त्या म्हणाल्या, "मग काय झालं? त्यानं पेन तर दिलं की."

आता त्यांच्या जावयाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढील सारे त्याच्यामुळे घडले. मंदार हा अतिशय सौम्य गृहस्थ. सुप्रियाच्या नोकरीमुळे तो येथे आला, आणि पहिली दोन वर्षे त्याला मनासारखे काम मिळाले नाही. नंतर चेरीवूडच्या एका कचेरीत मिळाले. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला तो रोज जाई-येई. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्याची ओळख 'डॉक्टर सुप्रियांचे मिस्टर' अशी करून दिली जाई. तो हसे, आणि खुर्च्या उचलायला लागे. बाईंनी हे एकाच संक्रांतीत टिपले. परतीच्या वाटेवर त्या मला म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, ह्या माणसाचं इथं स्वतःचं असं काय आहे हो? व्हिसा तिच्या नावावर, ओळख तिची. एक तो पडद्यावरचा खेळ तेवढा त्याचा. त्यात तरी त्यानं एकदा जिंकावं, मी जायच्या आधी."

पडद्यावरचा खेळ म्हणजे द्वंद्व. दोन खेळाडू शेजारी शेजारी बसतात. प्रत्येकाच्या हातात बटणांची एक पेटी, आणि समोरच्या पडद्यावर प्रत्येकाचा एक अगडबंब योद्धा. बटणे दाबून तो योद्धा मारतो, अडवतो, उड्या घेतो. ज्याच्या योद्ध्याचे बळ आधी संपेल तो डाव हरला. तीन डाव आधी जिंकेल त्याचा सामना. मंदार हा खेळ महाविद्यालयात असल्यापासून खेळे, आणि बहुतेक वेळा हरे.

एका संध्याकाळी तो घरातूनच, इंटरनेटवरून, परदेशातल्या कुणाशी खेळत होता. बाई चहा घेऊन आल्या आणि उभ्या राहून पाहू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मंदारराव, आता तो उडी मारणार." त्याने उडी मारली. "परत मारणार." परत मारली. मंदारने पेटी खाली ठेवली.

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"तीनदा पुढं येऊन टोचतो, मग उडतो. आमच्या समोर तासगावच्या संघात अशी एक पोर होती. तीन हुलकावण्या, मग पळ. तुमचा चहा गार होतोय."

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. जावयाशी अदबीने बोलायचे, त्याच्यासमोर मोठ्याने हसायचेदेखील नाही, अशा वळणात बाई वाढलेल्या, आणि शिष्याला फैलावर घेतल्याशिवाय त्यांना शिकवता येत नसे. त्यातून त्यांनी मार्ग काढला. "मंदारराव, राग मानू नका, पण आपण आत्ता अगदी बावळटासारखे खेळलात," असे त्या म्हणत, आणि त्याच्या बशीत आणखी एक करंजी वाढत. त्यांचा एकच नियम होता. समोरचा काय करणार ते आधी तोंडाने म्हणायचे, मग बटण दाबायचे. "चुकलं तरी चालेल. न म्हणता बरोबर आलं तर ते चालणार नाही." मंदार पस्तिशीचा गृहस्थ, सोफ्यावर बसून पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्यासारखा पुटपुटत राही, "पुढे येणार, टोचणार, मागे जाणार." ते ऐकताना मला माझी पाठशाळा आठवे.

दर शनिवारी दुपारी जवळच्या एका क्रीडासंघाच्या सभागृहात हे लोक जमत. वीस-पंचवीस माणसे, चार पडदे, कोपऱ्यात चहाचा मोठा बंब आणि बिस्किटे. शाळेत गणित शिकवणारा शेन नावाचा मनुष्य सगळी व्यवस्था पाही आणि पंचाचे काम करी. बाईंना तेथे जायचे होते, आणि त्यांना इंग्रजीची अडचण, म्हणून दुभाषी या नात्याने मी गेलो. माझे धोतर आणि वर लोकरीचा लांब कोट पाहून शेनने मला सर्वांत चांगली खुर्ची दिली. बाई मंदारपासून दोन हातांवर जमिनीवर उकिडव्या बसल्या आणि सामना सुरू होताच मिरजेच्या मैदानावर ओरडाव्यात तशा ओरडू लागल्या. "मागं या. अजून मागं. आता धरा त्याला." सभागृह हसू लागले, कुणी टाळ्या वाजवल्या. शेन मला म्हणाला, "तुमच्या गड्याला आज अगदी चाबूक लागलाय." एरवी दुसऱ्या सामन्यात हरून घरी येणारा मंदार त्या दिवशी शेवटच्या चारांत पोचला.

तिसऱ्या शनिवारी हसणे थांबले. मंदारने त्या दिवशी चार सामने जिंकले होते, आणि हरलेल्यांपैकी दोघांनी त्याच्याशी हात मिळवताना बाईंकडे पाहिले होते. शेनने सर्वांना चहाच्या बंबापाशी बोलावले. आजवर या सभागृहात बाहेरून बोलण्याविषयी नियमच नव्हता, कारण कुणाबरोबर बोलायला कुणी आलेच नव्हते.

पहिली बोलली ती नीव्ह. दातांच्या दवाखान्यात काम करणारी, लहान चणीची, सभागृहातली सर्वांत निपुण खेळाडू. ती शांतपणे म्हणाली, "मंदार फार छान माणूस आहे. पण मी त्याच्याशी खेळायला येते, त्याच्या सासूशी नाही. तो पुढे काय करणार हे ओळखणं हा माझा अर्धा खेळ आहे. मी काय करणार हे त्याच्यासाठी दुसरंच कुणी ओळखत असेल, तर माझ्याशी लढतंय कोण?"

एक दाढीवाला थोराड मनुष्य तरुणपणी मुष्टियुद्ध खेळलेला होता. तो म्हणाला, "आमच्या कोपऱ्यात माणूस उभा असायचा. पाणी पाजायचा, दोन शब्द सांगायचा. त्याला कुणी लबाडी म्हटलं नाही. आणि आपल्याला बघायला कधी कुणी आलंय का? माझी सासू तर मला दारात उभा करत नाही."

"पण ज्याच्याबरोबर यायला कुणीच नाही, त्यानं काय करायचं?" मागून कुणीतरी विचारले. त्यावर कुणी हसले नाही.

मी सारे बाईंना सांगत होतो. त्यांनी मला आपले म्हणणे मांडायला लावले. "त्यांना सांगा, एकटं कुणी खेळतं का कधी? आमच्यात नऊ जणी मैदानात असतात. पळणारीला मागचं दिसत नाही, ते बाहेरून मला दिसतं. दिसत असून गप्प बसले, तर मी कोच कसली?" मी ते शक्य तितके नेमके भाषांतरित केले. लोकांनी आदराने ऐकले, आणि मग शेनने निर्णय दिला. सामन्याआधी हवे तेवढे बोला, पण सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत बाहेरून कुणीही खेळाडूला काही सांगायचे नाही. सांगितले, तर तो डाव प्रतिस्पर्ध्याला. मग तो वाकून बाईंना म्हणाला, "तुम्हाला चालेल ना, मिसेस?"

"ग्रँड," बाई म्हणाल्या. आणि मला मराठीत म्हणाल्या, "सांगा त्याला, शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी कालव्याकाठी फिरताना त्या धुमसत होत्या. मला त्यांची समजूत घालायची होती, म्हणून मी त्यांना माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितली. ती मी तोवर कुणालाही सांगितली नव्हती.

मी सोळा वर्षांचा असताना आमची पाठांतराची मोठी परीक्षा होती. परीक्षक मध्येच एक पद उच्चारीत, आणि तेथून पुढे म्हणत जायचे. वेदांत एकसारख्या दिसणाऱ्या जागा अनेक. त्या ठिकाणी वाट फुटते, आणि सावध नसलेला विद्यार्थी एका सूक्तातून नकळत दुसऱ्यात जातो. अशाच एका जागी मी अडलो. दोन वाटा समोर होत्या, आणि कोणती आपली ते आठवेना. आमच्या शाखेत स्वर हाताने दाखवतात. सभेत बसलेल्या माझ्या गुरुजींचा गुडघ्यावरचा उजवा हात किंचित वर उचलला गेला. वर जाणारा स्वर दोहोंपैकी एकाच वाटेवर होता, तेवढ्याने मला वाट कळली. मी उत्तीर्ण झालो, मला शाल मिळाली. परंतु ती जागा मला खरोखर येत होती की नव्हती, हे मला आजतागायत ठाऊक नाही. आणखी क्षणभर थांबलो असतो, तर कदाचित आठवली असती. पन्नासहून अधिक वर्षे मी ते मंत्र म्हणतो आहे, आणि दरवेळी त्या पदापाशी आलो की मला गुरुजींचा हात दिसतो.

बाईंनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "त्यांनी हात उचलला म्हणून तुम्ही शास्त्री झालात, आणि शास्त्री झालात म्हणून मला आज उपदेश करताय. नसता उचलला, तर कुठंतरी पोष्टात असता. गुरुजींचे उपकार मानायचे सोडून तक्रार काय करता?"

मी म्हणालो, "तक्रार नाही. त्यांच्याविषयी माझ्या मनात भक्तीच आहे."

"असू द्या भक्ती. पण मला पटलं नाही."

तरीही दिलेला शब्द त्यांनी पाळला, आणि त्यासाठी उपाय शोधला. खडीसाखरेचा मोठा खडा सामन्याच्या वेळी त्या तोंडात धरत. "जिभेला काम दिलं की ती भटकत नाही." प्रत्येक डावाला एक खडा. तोंड मिटलेले, डोळे विस्फारलेले, तळवे गुडघ्यांवर घट्ट रोवलेले, अशा त्या बसत. दाढीवाल्याने एकदा मला विचारले, "ह्या काही व्रतं करतात का?" मी म्हणालो, "होय, असेच काहीसे." तिकडे मंदारचा खेळ बाहेरच्या आवाजाविना थोडा ढासळला, आणि मग हळूहळू सावरला. आता तो आधी ओठ हलवी आणि मग बटण दाबी, हे मला लांबूनही दिसे.

वसंतातल्या मोठ्या स्पर्धेचा दिवस उजाडला. बाईंचे परतीचे विमान पुढच्या शनिवारी होते. सुप्रियाला इस्पितळात काम होते, त्यामुळे त्या सभागृहात मराठी जाणणारे आम्ही तिघेच होतो. मंदार एकामागून एक सामना जिंकत गेला आणि अंतिम सामन्यात नीव्हच्या शेजारी येऊन बसला. तिला त्या वर्षी कुणी हरवले नव्हते. बाईंना ती मनापासून आवडे. "ही पोर मला मिरजेत मिळाली असती, तर राज्याच्या संघात घातली असती," असे त्या म्हणत.

पहिला डाव नीव्हने घेतला, दुसरा मंदारने. तिसरा पुन्हा तिने, चौथा याने. बाईंनी मला कोपराने ढोसले आणि रिकामी पुडी दाखवली. अंतिम सामन्यासाठी त्यांनी खडे चारच राखून ठेवले होते. सामना पाचव्या डावापर्यंत जाईल असे त्यांना वाटले नव्हते. चौथ्याचा उरलेला तुकडा त्या जपून चघळत होत्या.

पाचवा डाव लांबला. दोन्ही योद्ध्यांचे बळ इतके संपले होते, की ज्याला आता एक फटका बसेल तो हरणार हे मलाही कळत होते. सारे उभे राहिले होते. नीव्हने पेटी किंचित उचलली, आणि माझ्या शेजारून शब्द आले, "थांबा मंदारराव, ती उडी मारणार."

मंदार थांबला. नीव्हच्या योद्ध्याने उडी घेतली. मंदारने खालून एकच फटका मारला, आणि डाव संपला.

सभागृह दणाणले. दाढीवाल्याने मंदारला खुर्चीसकट हलवले. मंदार स्वतःच्या हातांकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कोणत्याही मराठी मंडळात पाहिला नव्हता. नीव्ह मात्र जागेवरून उठली नाही. तिने हात वर केला आणि शेनला म्हणाली, "मला वाद घालायचा नाही. पण शेवटी त्या काहीतरी बोलल्या."

शेन माझ्यापाशी आला. त्याला हे अवघड वाटत होते हे दिसत होते. "मिस्टर शास्त्री, तुम्ही सांगाल ते मी मानेन. त्या काय म्हणाल्या?"

येथे मला माझ्याविषयीच लिहिले पाहिजे, आणि ते लिहिताना मला लाज वाटते. मी त्रिकाळ संध्या करणारा मनुष्य. असत्य बोलू नये हे मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले. आणि त्या क्षणी माझ्या मनात एक वाक्य इंग्रजीत जुळवून तयार होते, 'त्यांनी देवाचे नाव घेतले.' वृद्ध हिंदू स्त्री ऐन क्षणी देवाचे नाव घेईल यावर सर्वांचा विश्वास बसला असता. मंदारकडे पाहिले, आणि मला वाटले, एका माणसाच्या वाट्याला आयुष्यात एकदा हे आले आहे, ते मी का हिरावून घ्यावे? मी तोंड उघडले.

"शास्त्रीबुवा," बाई म्हणाल्या. शेन काय विचारत होता ते भाषा न कळताही त्यांना कळले होते, आणि मी काय सांगणार होतो तेही. "इकडं तिकडं करू नका. मी बोलले. काय बोलले ते सांगा."

त्यांनी स्वतःच हात वर केला. मग मी सांगितले, शब्दाला शब्द.

नीव्ह म्हणाली, "डाव परत खेळू या. मला असं जिंकायचं नाही." शेननेही मान हलवली. मी ते बाईंना सांगितले. बाईंनी तिच्याकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, "तिला म्हणावं, तू गुणाची आहेस. पण फाऊल झाला की डाव परत खेळत नसतात. तसं केलं, तर उद्या कुणीही शब्द देईल." मंदारने उठून नीव्हशी हात मिळवला. बाईंकडे बोट करून "शी इज राइट," एवढेच तो म्हणाला, आणि नेहमीच्या सवयीने खुर्च्या गोळा करू लागला. दाढीवाल्याने त्याच्या हातातून खुर्ची काढून घेतली.

मंदारच्या गाडीतून आम्ही घरी निघालो. मोठ्या चौकातल्या सिग्नलपाशी बाई म्हणाल्या, "मंदारराव, तुमचा डाव मी खाल्ला."

"असं नका म्हणू, आई."

"मग काय म्हणू? मुलगी दिलेल्या घरात येऊन, जावयाच्या हातातला घास काढून घेतला."

मंदारने समोरच्या लाल दिव्याकडे पाहत सांगितले, "मी थांबणारच होतो. तिनं पेटी उचलली तेव्हाच मला कळलं होतं. मी मनात म्हटलंही होतं, उडणार."

"खरं?"

"खरं, आई."

सिग्नल हिरवा झाला. बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कालव्याकाठी त्या एका बाकावर टेकल्या. "खरं बोलला का हो तो? की मला बरं वाटावं म्हणून?"

मी म्हणालो, "मला सांगता येणार नाही."

"त्यालाबी सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मी गप्प असते, तर कळलं असतं. आता जन्मभर कळायचं नाही. तुमच्या त्या परीक्षेचं मला काल गाडीत उमगलं, शास्त्रीबुवा. तुम्ही सांगितलं तेव्हा मी तुमच्यावरच चढले होते." मग म्हणाल्या, "तीस वर्षं पोरींना पळायला शिकवलं. ओरडायचं कधी ते मला बरोबर कळायचं. थांबायचं कधी ते कुणी शिकवलंच नाही, आणि मला कधी वाटलंही नाही की ते शिकायचं असतं." बदके पोहत होती. त्यांच्याकडे पाहत त्या नेहमीप्रमाणे कोण कुठे वळणार ते सांगू लागतील असे मला वाटले, पण त्या काही बोलल्या नाहीत.

जाण्याच्या दिवशी मीही विमानतळावर गेलो. आपल्याकडची वडीलधारी माणसे एकटी परदेश प्रवास करतात, तेव्हा मुले त्यांच्यासाठी चाकांच्या खुर्चीची सोय करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पाय धडधाकट असले, तरी खुर्ची ढकलणारा मनुष्य त्यांना योग्य दारापर्यंत पोचवतो आणि इंग्रजीची अडचण येत नाही. सुप्रियाने ती सोय केली होती. बाईंनी खुर्चीकडे पाहिले, ती घेऊन आलेल्या तरुणाला "ग्रँड" म्हणून नमस्कार केला, आणि खुर्चीत फक्त हातातली पिशवी ठेवली. मग पिशवीही उचलून घेतली.

"आई, हट्ट नको," सुप्रिया म्हणाली. "मध्ये विमान बदलायचं आहे. हरवशील."

"हरवले तर सापडीन." त्यांनी मंदारला नमस्कार केला, जावयाला करतात तसा. मंदारने त्यांना वाकून नमस्कार केला. मला म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, मिरजेला या." आम्ही दोघांनी ते अगदी खरे असल्यासारखे बोलून घेतले. त्यानंतर बाईंचे येणे झाले नाही, गुडघ्यांनी दगा दिला, आणि माझेही जाणे आता होईल असे दिसत नाही.

तपासणीकडे जाणारी फाटके समोर होती. बोर्डिंग पासच्या कागदावरची ठिपक्यांची चौकट काचेवर धरली की फाटक उघडते. बाईंनी कागद उलटा धरला. फाटक उघडले नाही. मागे माणसे खोळंबली. सुप्रियाने हाक मारण्यासाठी श्वास घेतला, आणि मंदारने तिच्या दंडावर हात ठेवला.

"अरे, तिला कळत नाहीये," ती म्हणाली.

"थांब."

बाई फाटकापासून एक पाऊल बाजूला झाल्या. मागच्या माणसाला त्यांनी पुढे जाऊ दिले. त्याच्या मागच्या स्त्रीलाही. तिसऱ्याने कागद काचेवर ठेवला तेव्हा त्या थोड्या पुढे झुकल्या. एकदाही त्यांनी मागे वळून आमच्याकडे पाहिले नाही. मंदारचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग बाई पुन्हा फाटकापाशी आल्या, कागद सुलटा केला आणि काचेवर ठेवला.